बाराव्या कार्तिकाची वात

बायको गेली तेव्हा तिचा एक नेम अर्धा राहिला होता आणि तो नेम माझ्यासाठी होता. हे मला ती गेल्यावर कळलं, असं नाही. माहीत होतं. लक्ष दिलं नव्हतं.

माझ्या छातीचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ती देवाला बोलली होती की हा माणूस उठून घरी आला तर बारा कार्तिक पौर्णिमा आवळीखाली त्रिपुरवात लावीन. त्रिपुरवात म्हणजे साडेसातशे धाग्यांची जाडजूड वात. आमच्याकडच्या बायका ती कापसाची स्वतःच्या हातानं वळतात आणि तुपात भिजवून त्रिपुरी पौर्णिमेला पेटवतात. घरात तुळशीपाशी लावते म्हणाली असती तरी भागलं असतं. पण हिनं आवळी म्हटलं, आणि हिची आवळी आमच्या ह्या हिंदी मुलखातल्या शहराबाहेरच्या छोट्या जंगलातली. बायकांचं मंडळ दर कार्तिकात आवळीभोजनाला तिथं जायचं. सरकारनं त्या जंगलाला तारेचं कुंपण घातलंय, फाटक बसवलंय, पक्ष्यांची चित्रं असलेली पाटी लावलीय. आत तासभर चाललं की जंगल संपतं, एवढंच ते. वात खरं तर संध्याकाळी लावतात. पण फाटक पाचला बंद होतं, म्हणून ही दुपारी लावायची. देवाशी मी तसं बोलून घेतलंय, म्हणायची.

अकरा वाती लागल्या. मी एकदाही गेलो नाही. परत आली की चहा ठेवता ठेवता सांगायची, कुर्डूचे गुलाबी तुरे कसे गुडघ्याएवढे उभे होते, नीलपंख उडाला तेव्हा केवढा निळा दिसला, आणि शेपूट सारखी थरथरवणारा तो काळा पक्षी ह्याही थंडीत त्याच दगडावर येऊन बसलाय. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मी डॉक्टरांनी वाचलो, गोळ्यांनी वाचलो, वातीचा काय संबंध, असं तिला तोंडावर म्हटलंसुद्धा होतं. ती म्हणाली, "तुम्ही गोळ्या घ्या, मी वात लावते. आपापलं काम करावं माणसानं."

ज्येष्ठातल्या उन्हात तिला तीन दिवस ताप आला आणि ती गेली. आधी मी जायचं, असं आमचं ठरल्यासारखं होतं. तिनं माझ्यामागं काय काय करायचं ते मी तिला सांगूनही ठेवलं होतं. मला कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं.

दसऱ्याआधी सुनेनं देवाचं कपाट आवरलं तेव्हा बारावी वात सापडली. वळून तयार, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून दोरा. माघ-फाल्गुनातच करून ठेवली असणार. कामं आधी उरकायची तिला खोड होती. सून म्हणाली, "बाबा, इसका क्या करना है?" मग मराठीत आली, "म्हणजे, नदीत सोडायची का?" मी वात तिच्या हातातून काढून घेतली.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, नेम करणाऱ्याबरोबर नेम संपतो, तुम्हाला दोष नाही. बरं वाटलं. मग बायकोची बहीण आली, तिला हे सांगितलं. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो, सत्तरीला आली तरी. आमच्या छावणी भागातच दोन गल्ल्या सोडून राहते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. आवळीला ताईबरोबर दर वर्षी तीच जायची.

"गुरुजींना काय जातंय सांगायला," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी नेम धरला, अर्धा राहिला तर त्याच्यावर येतो. आमची आई सांगायची."

"येऊ दे की. मी काय शंभर वर्षं बसणार आहे?"

"तुमचं राहू द्या हो, भावजी. ताईचं काय? अकरा करून ती बाराव्याच्या दारात अडकली असेल."

हे माझ्या डोक्यात बसलं. मी देवाचा फारसा नाही. दाल बाजारात एका आढतीवर पोती तोलण्यात माझा जन्म गेला, शाळा सहावीत सुटली; नेम, दोष ह्यातलं मला कळत नाही. पण हिला अडकून राहायचं सोसत नसे, हे मला कळतं. बस दहा मिनिटं उशिरा आली तरी फलाटावर येरझाऱ्या घालायची. ती कुठंतरी तशी उभी आहे, असं एकदा मनात आल्यावर जेवण गोड लागेना. म्हणून ठरवलं. वात तिनंच वळलेली आणि झाडही तिचंच. वर्षाच्या आत घरात सण करायचा नसतो, पण हा काही सण नव्हता.

मुलाला सांगितलं नाही, तो नको म्हणाला असता. आदल्या संध्याकाळी मी स्टीलच्या डब्यात वात घातली, वर तूप ओतलं. तूप पुरेना. दिवाळीच्या पणत्यांचं सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल बाटलीत उरलं होतं, ते घातलं. लवकर पेटावी म्हणून टोकाशी कापराच्या चार वड्या चुरून बसवल्या. तिला हे करताना मी जन्मभर पाहिलंय, अशी माझी समजूत होती.

पौर्णिमेला अकराच्या सुमारास धाकटीला रिक्षात बसवलं आणि निघालो. मी अंगावर जाड लोकरीची शाल घेतली होती, गारठा होता म्हणून. रस्ताभर धाकटी मला कुठं वळायचं, कुठं बसायचं, काय म्हणायचं ते सांगत होती. मी विचारलं, "आणि आग लावायला मनाई आहे त्याचं काय?"

"ताई चौकीदाराला बेसनाचे लाडू द्यायची. तो तोंड फिरवून बसायचा."

चौकीदार बदलला होता. हा नवा, काटक, मिशीवाला. त्यानं माझे खिसे चाचपले. माचिस मी मोज्यात घातली होती. डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "इसमें क्या है, बाबूजी?"

माझ्याआधी धाकटी बोलली, "गाजर का हलवा है, भैया. शुगर है इनको, घर में बहू खाने नहीं देती."

तो हसला आणि आम्हाला सोडलं. मग मागून ओरडला, "नाले की तरफ मत जाना. कोहा के पेड़ पे भँवर बैठी है इस बार."

भँवर म्हणजे आग्या मोहोळ. इकडे तसंच म्हणतात. मी धाकटीला विचारलं, "आवळी कुठं आहे?"

"नाल्यापाशीच," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून त्याला कळलं नाही. आम्ही दोघंही मागं न बघता चालू लागलो.

फाटकापाशी सातभाई पक्षी कलकलत होते. आत शंभर पावलं गेलो आणि आवाज बंद झाला. वारा नव्हता. करधईच्या झाडांची पानं तांब्यासारखी झाली होती आणि एकही हलत नव्हतं. वाटेच्या दोन्ही अंगांना कुर्डू उभा होता, खाली पांढरा, शेंड्याला गुलाबी, गुडघ्याएवढाच. पुढं एका दगडावर काळा पक्षी बसला होता, पोटाखाली विटकरी. बसल्या जागी शेपूट थरथरवत होता, एखाद्याला हुडहुडी भरावी तशी. मी थांबलो. मला वाटलं होतं ती वाढवून सांगते. तिनं काहीच वाढवलेलं नव्हतं. पक्ष्यानं आमच्याकडे बघितलं आणि आवाज न करता झुडपात गेला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. चल."

"चल काय. गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत."

नाल्याच्या अलीकडे झुडपाआड एक माणूस तिपाईवर बसला होता. पुढं हा एवढा कॅमेरा. चाळिशीचा असेल, सिटी सेंटरमधल्या कुठल्या तरी ऑफिसातला वाटला. आम्हाला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. वर एक मोठा तपकिरी पक्षी पंख न हलवता गोल फिरत होता. मान बारीक, डोकं लहान.

"शहद वाली चील है, अंकल," तो कुजबुजला. "छत्ता नोचके खाती है. सुबह सात बजे से बैठा हूँ. एक बार छत्ते पे आ जाए, बस."

धाकटी माझ्या कानाशी म्हणाली, "बघा ह्याला. माश्या उठायची वाट बघत बसलाय."

तेव्हा मला माश्यांची पोळी दिसली. नाल्याच्या काठावर कोह्याचं, म्हणजे अर्जुनाचं, उंच पांढरट झाड होतं आणि त्याच्या आडव्या फांदीला तीन पोळी लटकली होती. सतरंज्या वाळत घालाव्यात तशी, काळी. वर फिरणाऱ्या त्या घारीची सावली झाडावरून गेली की मधल्या पोळ्यावरून वरून खाली एक लाट सळसळत जायची आणि पुन्हा सगळं थांबायचं. त्या फांदीच्या बरोबर खाली आवळी.

"आधी हे नव्हतं," धाकटी म्हणाली. "अकरा वर्षांत कधी नव्हतं. भावजी, परत चला. फाटकाबाहेर बघू एखादं झाड."

"एखादं नको."

"देव काय पत्ता विचारतो का?"

"देव नाही विचारणार. ती विचारेल."

मी तिला म्हटलं, तू ह्या माणसापाशी बस, मी दोन मिनिटांत येतो. ती म्हणाली, वात ताईची आहे, मी काय तिपाईपाशी बसू? आणि माझ्या आधी चालू लागली. तिला तिथंच दामटून बसवायला हवं होतं. मी तसं केलं नाही, कारण एकट्यानं मला जमलं नसतं. मंत्र तिला येत होता.

आवळीच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. त्याच्या खळग्यात काजळी धरली होती, पावसानं धुऊनही न गेलेली. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. अकरा वर्षं ती इथं बसत होती आणि मी घरी खुर्चीत. धाकटी दुसऱ्या दगडावर हळूहळू टेकली, पाय लांब केले, झाडाला हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, लावा. मी मोज्यातून माचिस काढली.

कापरानं भपकन पेट घेतला. हातभर ज्वाळ. मग ती बसली आणि काळा धूर निघायला लागला, ट्रकच्या मागून निघतो तसा.

"हे काय?" धाकटी म्हणाली. "वास कसला येतोय? काय घातलंत?"

"सरसूचं तेल. तूप पुरलं नाही."

"ताई निव्वळ तूप घालायची. अन् कापूर कधीच..." एवढं बोलून ती वर बघायला लागली. वारा नव्हता, सांगितलंच. धूर सुतासारखा सरळ वर चालला होता.

मी हात जोडून वातीकडे बघत बसलो. आता जळेल ती, लवकर जळेल, असं म्हणत होतो. चार बोटं वात होती, दीड बोट जळली असेल. आवाज सुरू झाला. दाल मिलचा पट्टा सुरू होताना आधी जमिनीतून येतो तसा. घार त्याच वेळी खाली आली म्हणतात. मी वर बघत नव्हतो.

पहिली माशी धाकटीच्या पापणीवर बसली. ती ओरडली नाही, "आई गं" म्हणाली, हळू. मग तिच्या केसांत, मानेवर, माझ्या कानावर. ती उठायला गेली आणि गुडघा वळेना, तशीच खाली बसली. मी शाल काढून तिच्या डोक्यावरून टाकली, पायांपर्यंत ओढली. तिला उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती. आणि वात जळत होती. धुराबरोबर माश्यांचा पडदाच्या पडदा खाली येत होता, आमच्यावर. वात जळेल तोवर येतच राहणार, हे मला लख्ख दिसलं.

त्रिपुरवात विझवत नाहीत. ती आपसूक शांत व्हायची असते, तेव्हा नेम पुरा. हे मलासुद्धा माहीत होतं. अर्धी उरली होती. अर्ध्याला किती वेळ लागेल ह्याचा मी एकदा अंदाज केला. मग दोन मुठी माती टाकली. तेलावर ती तरीही जळत राहिली. मग मी तिच्यावर बूट ठेवला. तिनं वळलेल्या वातीवर. पाय दाबून धरला, धूर थांबेपर्यंत.

नंतर शालीच्या वर पालथा पडून राहिलो. लांबून चौकीदार ओरडत होता, "हिलना मत, बाबूजी, बिलकुल मत हिलना." शालीखाली धाकटी विचारत होती, "भावजी, वात?" मी म्हटलं, गप पड. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग माश्या कमी झाल्या, कांबळी पांघरून चौकीदार आणि कॅमेरेवाला आले आणि आम्हाला दोन्ही काखांत धरून बाहेर आणलं. निघताना मी खळग्यातली वात उचलून डब्यात टाकली.

कॅमेरेवाल्यानं स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. धाकटीला श्वास लागला होता, तोंड ओळखू येत नव्हतं. डॉक्टरीणबाई चिमट्यानं काटे काढत होत्या. आधी मोजत होत्या, मग मोजायचं सोडलं. मला कमी चावल्या होत्या. म्हातारं कातडं.

चौकीदार सायकलवर मागून आला. बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "चील ने छेड़ा है, मैंने रजिस्टर में लिख दिया." कॅमेरेवाला म्हणाला, हो, मी पाहिलंय, झपट मारली तिनं. मी म्हटलं, "चील नहीं. मैं. आग मैंने लगाई."

चौकीदारानं आवाज खाली आणला. "पता है, बाबूजी. राख देखी मैंने. पर फाटक पे आपका मोज़ा नहीं देखा था मैंने, समझे? नौकरी मेरी जाएगी."

म्हणून रजिस्टरात घार आहे. तिच्यावर आळ आहे आणि ती अजून तिथं फिरत असेल.

धाकटीला दोन दिवसांनी घरी सोडलं. मी रोज जात होतो, ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो. शालीखालून तिला काही दिसलं नव्हतं. झाली पुरी, एवढं म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि संपलं असतं. चौथ्या दिवशी चहा पिताना तिनं एक डोळा किलकिला केला. दुसरा अजून उघडत नव्हता.

"पुरी झाली का?"

"नाही."

"आपसूक विझली?"

"मी विझवली. बुटानं."

तिनं कप बशीत ठेवला. "माझ्यासाठी," म्हणाली.

"तुझ्यासाठी कशाला. मलाही चावत होत्या."

"खोटं नका बोलू. येत नाही तुम्हाला. म्हणजे ते आता माझ्यावर आलं."

"तुझ्यावर कसं येईल? तुझीच आई सांगायची ना, ज्याच्यासाठी नेम त्याच्यावर. नेम माझा. तू मधे घुसू नकोस."

"विझवली माझ्यासाठी, भावजी. ताईचं पुरं होत होतं ते माझ्यापायी राहिलं."

"मग निम्मं निम्मं घेऊ."

ती हसली नाही. म्हणाली, "उरलेली कुठंय?"

"डब्यात."

"पुढच्या कार्तिकात ती लावून चालेल?" हे मी विचारलं.

"पाय लागलेली? नाही."

"तू नवी वळ."

"माझ्या हातची तिच्या नेमाला नाही चालत." मग चहा तसाच ठेवून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी निघालो तेव्हा तिनं पाठमोरीनंच सांगितलं, "जिना जपून चढत जा."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांवर नजर ठेवून आहोत. मी गेलो की ती आधी माझा चेहरा बघते. मी तिची भाजी किती खाल्ली गेली ते बघतो. तिला सर्दी झाली तरी ती मला सांगत नाही, शेजारीण सांगते. त्या विषयावर आम्ही दोघंही येत नाही.

परवा खरंच जिन्यात छातीत दाटून आलं. मधल्या पायरीवर बसलो. घाम आला, डावा हात जड झाला, मग हळूहळू उतरलं. सुनेनं वरून विचारलं, "बाबा, क्या हुआ?" मी म्हटलं, चपलेचा अंगठा निघाला. ऑपरेशनला पुष्कळ वर्षं झाली, वय झालं, डॉक्टर हेच सांगतील, आणि ते खरंही असेल. सोमवारी डॉक्टरांकडे एकटाच जाऊन येणार आहे. धाकटीला मात्र हे कळता कामा नये. तिला कळलं की ती म्हणेल, सुरू झालं. आणि मग माझ्याआधी तीच अंथरूण धरेल.